चरित्रनोंद, पुरावा आणि सहमती : मुक्त ज्ञानकोशातील लहान वादांविषयी

१

केशवसुतांची जन्मतारीख मराठी ग्रंथांतून दोन प्रकारे छापलेली आढळते. काही ठिकाणी ती ७ ऑक्टोबर १८६६ अशी आहे, तर काही ठिकाणी १५ मार्च १८६६ अशी. ज्ञानेश्वरांच्या जन्मशकाविषयीही ११९३ आणि ११९७ असे दोन पक्ष प्रसिद्धच आहेत. पाठ्यपुस्तक लिहिणारा, जयंतीचा कार्यक्रम ठरविणारा आणि कोशात नोंद करणारा असे तिघेही हाताशी असलेल्या एखाद्या ग्रंथावर विसंबून एक पक्ष स्वीकारतात आणि पुढे जातात. अशा तारखांनी वाङ्मयाच्या आकलनात फारसा फरक पडत नाही, असे म्हणता येईल. परंतु कोशकार्याच्या दृष्टीने एक मूलभूत प्रश्न त्यातून उपस्थित होतो. दोन विधाने छापील आहेत आणि ती परस्परविरोधी आहेत. अशा वेळी निवाडा कोणी करावयाचा आणि कोणत्या अधिकाराने?

मराठी कोशपरंपरेने या प्रश्नाचे उत्तर 'संपादकाने' असे दिले आहे. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे चरित्रकोश, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईहून सिद्ध होऊ लागलेला मराठी विश्वकोश या सर्व प्रकल्पांच्या मुखपृष्ठावर किंवा आतील पानावर एक नाव आहे. नोंद चुकली तर जबाबदारी कोणाची, हे वाचकाला ठाऊक असते. दुरुस्ती मात्र पुढील आवृत्तीची वाट पाहत राहते, आणि मराठीत पुढील आवृत्ती पुष्कळदा निघतच नाही.

१५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेल्या विकिपीडियाने हे संपादकपदच काढून टाकले. त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ पासून चालू आहे. तेथे लिहिणारे आणि दुरुस्त करणारे स्वयंसेवक असतात. त्यांना मानधन नसते आणि बहुतेकांची खरी नावेही वाचकाला माहीत नसतात. त्यामुळे तेथे निवाडा होतच नाही, ज्याला जे वाटेल ते तो लिहितो, असा समज महाविद्यालयीन अध्यापकांत रूढ आहे. विद्यार्थ्याने प्रबंधात या कोशाचा हवाला देऊ नये, हा नियम योग्यच आहे, कारण कोणताही कोश हा संशोधनाचा अंतिम आधार नसतो. परंतु त्या नियमाचे जे कारण सांगितले जाते ते वस्तुस्थितीला धरून नाही. निवाडा तेथे होतो, त्याची एक रीत आहे, आणि पाठचिकित्सेचा अभ्यास केलेल्या वाचकाला ती रीत बरीचशी ओळखीची वाटेल. त्या रीतीचे मर्म आणि तिची मर्यादा ही दोन्ही मराठीच्या अभ्यासकांनी समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

२

या कोशातील प्रत्येक नोंदीमागे तिचा संपूर्ण इतिहास जतन केलेला असतो. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या सदस्याने कोणता शब्द बदलला, हे कोणालाही पाहता येते. हस्तलिखित पोथीच्या पाठभेदांची परंपरा अनुमानाने रचावी लागते. येथे सर्व पाठ तारीखवार समोर असतात. प्रत्येक नोंदीला जोडून एक चर्चापानही असते. एका सदस्याने केलेला बदल दुसऱ्याने परतवला की पहिल्याने तो पुन्हा करू नये, चर्चापानावर येऊन कारण सांगावे, अशी अपेक्षा असते. इंग्रजी आवृत्तीत एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा दुसऱ्याचे लेखन परतवणाऱ्याला काही काळ लेखनबंदी होऊ शकते. आपले म्हणणे बरोबर होते, हा बचाव तेथे सामान्यतः चालत नाही.

चर्चापानावर दोघांचे जमले नाही तर पुढच्या पायऱ्या असतात. वादाशी संबंध नसलेल्या तिसऱ्या सदस्याचे मत मागविता येते. विषयवार सूचनाफलक असतात. मराठी आवृत्तीत सामाईक चर्चेच्या पानाला 'चावडी' असे अन्वर्थक नाव आहे. त्यानेही न भागल्यास इंग्रजी आवृत्तीत साधारण महिनाभर सर्वांची मते मागविली जातात आणि अखेरीस एखादा अनुभवी, त्रयस्थ सदस्य चर्चेचा निष्कर्ष नोंदवितो. हा निष्कर्ष मतांची मोजदाद करून काढावयाचा नसतो. कोणत्या बाजूने कोणते आधार दिले आणि ते किती टिकले, हे पाहून काढावयाचा असतो. सर्वांत वरची पायरी लवाद समितीची आहे. पण ही समिती सदस्यांच्या वर्तनाचा निवाडा करते, मजकुराचा नाही. अमुक व्यक्तीचा जन्म कोणत्या गावी झाला, हे ठरविण्याचा अंतिम अधिकार या सबंध रचनेत कोणाकडेही ठेवलेला नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ही त्रुटी वाटते. प्रत्यक्षात ती हेतुपूर्वक ठेवलेली मोकळी जागा आहे. नवा आधार सापडला की प्रश्न पुन्हा उघडता यावा, हा तिचा हेतू आहे.

या पायऱ्यांवरून जाताना लहान वाद बहुधा तीनपैकी एका मार्गाने मिटतात. पहिला मार्ग संयुक्त विधान सुटे करण्याचा. निकोला टेस्ला या संशोधकाच्या राष्ट्रीयत्वाविषयीचा वाद इंग्रजी आवृत्तीत इतका लांबला की त्यासाठी चर्चेचे वेगळे पान काढावे लागले. टेस्लाचा जन्म १८५६ साली स्मिल्यान या गावी झाला. ते तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होते, आज क्रोएशियात आहे. मातापिता सर्ब होते. १८९१ साली टेस्लाने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. 'टेस्ला कोणत्या देशाचा' या प्रश्नावर वर्षानुवर्षे भांडता येते. पण गाव, तेव्हाचे राज्य, आजचे राज्य, मातापित्यांचा वंश आणि नागरिकत्व ही पाच विधाने वेगवेगळी मांडली की प्रत्येक विधान जवळजवळ निर्विवाद ठरते, आणि वाद उरला तर पहिल्या वाक्यातील एका विशेषणापुरता उरतो.

दुसरा मार्ग दोन्ही पक्ष आधारांसह नोंदविण्याचा. केशवसुतांच्या तारखेला हाच मार्ग लागू पडेल. तिसरा मार्ग वगळण्याचा : ज्याला पुरेसा आधार नाही ते न लिहिणे. मराठी चरित्रलेखनाला हा तिसरा मार्ग सर्वांत अवघड वाटतो. आपल्याकडे मौन हे अज्ञानाचे लक्षण मानले जाते. कोशात ते सचोटीचे लक्षण असू शकते.

३

या रीतीतील सर्वांत वादग्रस्त नियम म्हणजे दुय्यम साधनांना दिलेले प्राधान्य. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांचे प्रकरण या दृष्टीने वाङ्मयाच्या अभ्यासकांनी मुळातून पाहण्यासारखे आहे. 'द ह्यूमन स्टेन' ही त्यांची कादंबरी २००० साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील नायकाची कल्पना समीक्षक अनातोल ब्रोयार्ड यांच्या आयुष्यावरून सुचली असावी, असे अनेक परीक्षणकारांनी लिहिले होते आणि विकिपीडियावरील नोंदीत त्याचा उल्लेख होता. रॉथ यांच्या म्हणण्यानुसार ते चूक होते. कादंबरीचे बीज त्यांचे स्नेही, समाजशास्त्रज्ञ मेल्विन ट्युमिन यांच्या बाबतीत घडलेल्या एका प्रसंगात होते. त्यांच्या वतीने दुरुस्तीची मागणी झाली, तेव्हा केवळ लेखकाचे सांगणे पुरेसे नाही, त्याला दुय्यम आधार हवा, असे उत्तर मिळाले. सप्टेंबर २०१२ मध्ये रॉथ यांनी 'न्यू यॉर्कर'मध्ये खुले पत्र प्रसिद्ध केले, आणि ते पत्र छापून आल्यावर त्याचा आधार घेऊन त्यांचे म्हणणे नोंदीत समाविष्ट झाले.

हे प्रकरण बहुधा विनोदी किस्सा म्हणून सांगितले जाते. लेखकापेक्षा त्याच्या कादंबरीविषयी अधिक कोणाला ठाऊक असणार? परंतु ज्या वर्गात लेखकाच्या हेतूच्या प्रामाण्याविषयी सत्रभर चर्चा होते, त्या वर्गातील अध्यापकाने तरी हा प्रश्न इतक्या सहजपणे निकालात काढू नये. कोशासमोर दोन वेगवेगळी विधाने होती. परीक्षणकारांना तसे वाटले, हे एक. लेखकाने ते नाकारले, हे दुसरे. दोन्ही विधाने सत्य आहेत आणि दोन्ही नोंदविणे योग्य आहे. लेखकाच्या नकाराने पहिले विधान पुसले जात नाही. शिवाय दूरध्वनीवरून किंवा मध्यस्थाकडून आलेले सांगणे उद्या कोणाला पडताळून पाहता येणार नाही. छापून आलेले पत्र पाहता येईल. नियमाचा रोख या पडताळणीकडे आहे.

मराठी इतिहाससंशोधनाच्या संस्कारात वाढलेल्या अभ्यासकाला तरीही येथे अडखळल्यासारखे होईल. वि. का. राजवाडे यांनी आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने अस्सल कागदाला अग्रस्थान दिले. छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद हे त्याचे ठळक उदाहरण. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही तिथी प्रचलित असताना लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली प्रकाशात आणली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी होती. शिवभारतातील उल्लेखाने तिला पुष्टी मिळाली. तरीही वाद अनेक दशके चालला आणि पुढे शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. मुक्त ज्ञानकोशातील एखाद्या सदस्याला स्वतः शकावली वाचून असा निष्कर्ष काढण्याची मुभा नाही. मौलिक संशोधन तेथे निषिद्ध आहे. ही विसंगती वाटते. पण शकावलीचे मोल ठरविण्याचे काम मंडळातील जाणकारांनी नाव लावून, छापून आणि प्रत्युत्तरे झेलून केले, हे विसरता कामा नये. ज्याची विद्वत्ता तपासता येत नाही अशा अनाम सदस्याला तो अधिकार न देणे, हाच राजवाड्यांच्या शिस्तीचा आदर होय. संशोधन अन्यत्र व्हावे आणि कोशाने त्याचा गोषवारा द्यावा, अशी ही श्रमविभागणी आहे.

४

लहान वादाला लहान म्हणावे का, हा प्रश्न जिवंत व्यक्तींच्या नोंदींत तीव्रतेने जाणवतो. मे २००५ मध्ये जॉन सीगेन्थॅलर या ज्येष्ठ अमेरिकन पत्रकाराच्या नोंदीत कोणीतरी अशी भर घातली की केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध असल्याचा संशय एके काळी होता. सीगेन्थॅलर यांनी रॉबर्ट केनेडी यांचे सहायक म्हणून काम केले होते. हा बनावट मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. त्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर त्यांनी याविषयी वृत्तपत्रात लेख लिहिल्यानंतर जिवंत व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळे आणि कडक धोरण आकारास आले. आधाराविना लिहिलेला वादग्रस्त मजकूर चर्चेची वाट न पाहता काढून टाकावा, असे ते धोरण सांगते. जन्मतारखेला व्यक्तीने हरकत घेतली तर केवळ वर्ष द्यावे, अशीही तरतूद आहे. भारतीय व्यक्तींच्या बाबतीत इंग्रजी आवृत्तीतील सदस्यांनी आणखी एक संकेत रूढ केला : जिवंत व्यक्तीने स्वतः सांगितल्याखेरीज तिची जात लिहू नये. चरित्राचा आरंभ घराणे, जात आणि मूळ गाव यांनी करण्याची सवय असलेल्या मराठी चरित्रलेखनाने या संकेताचा गांभीर्याने विचार करावा.

अशा नोंदींत घरच्या माणसांचे म्हणणे हा नेहमीचा पेच असतो. महाराष्ट्रात एका पिढीतील असंख्य लोकांची शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती घातली. पुढे नोकरीच्या कागदांत, पुरस्काराच्या पत्रिकेत आणि वृत्तपत्रांत तीच छापली गेली. एखाद्या दिवंगत लेखकाचा मुलगा घरातील जन्मपत्रिका दाखवून दुसरी तारीख सांगू लागला, तर कदाचित तोच बरोबर असेल. तरी कोश छापील तारीखच ठेवील. मुलाला हा अपमान वाटेल. त्याला सांगण्यासारखे उत्तर एकच आहे : ती पत्रिका एखाद्या अभ्यासकाने तपासून, तिच्याविषयी लिहून प्रसिद्ध केली, की कोशाचे दार उघडते. हा अभ्यासक कोण असावा, या प्रश्नाकडे पुढे वळावेच लागेल.

मराठीत आणखी एक वाद आहे, तो इंग्रजीला ठाऊकच नाही. इंग्रजीत नावामागील उपाधीपुरता प्रश्न असतो. तेथील संकेत उपाधी सामान्यतः टाळतो आणि 'महात्मा गांधी' यासारखे रूढ नाव अपवाद म्हणून स्वीकारतो. मराठीत मात्र प्रत्येक क्रियापद निवाडा करते. 'तो कवी होता' की 'ते कवी होते'? मराठी समीक्षाही याबाबत एकसूत्री नाही. 'मर्ढेकर म्हणतात' आणि 'शेक्सपिअर म्हणतो' ही वाक्ये एकाच लेखात शेजारीशेजारी आढळतात. 'तुकाराम म्हणतो' आणि 'तुकोबा म्हणतात' यांतील निवड तर लिहिणाऱ्याच्या भूमिकेवरच अवलंबून असते. मराठी आवृत्तीत चरित्रनायकाला सामान्यतः आदरार्थी बहुवचन लावलेले दिसते. मग शिक्षा झालेल्या गुन्हेगाराला एकवचन लावावयाचे का? लावले तर व्याकरणानेच मत दिले, आणि तटस्थतेचा नियम मोडला. सर्वांना एकच वचन, हा व्यवहार्य मार्ग दिसतो. पण आदरार्थी बहुवचन ही भाषेची सभ्यता आहे की मूल्यमापन, याचा विचार भाषाभ्यासकांनी केल्याशिवाय चावडीवरील सदस्यांना तो एकट्याने करता येणार नाही.

वाद चावडीवर सुटला नाही की तो कोठे जातो, हेही अलीकडे दिसले. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांविषयीच्या नोंदीतील मजकुरावरून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी विकिपीडियाच्या काही संपादकांविरुद्ध गुन्हा नोंदविला. त्या मजकुराच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. साधनांची छाननी करून उत्तर देण्याचा अवघड मार्ग विद्वानांनी मोकळा सोडला, की वाद ठाण्यात पोहोचतो, एवढेच त्यावरून लक्षात घ्यावे.

५

आतापर्यंतच्या विवेचनावरून ही रीत निर्दोष आहे असा ग्रह होऊ नये. तिचा मोठा दोष असा की ती छापील जगाची असमानता जशीच्या तशी उचलते. ऑक्टोबर २०१८ मध्ये डोना स्ट्रिकलंड यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा त्यांच्यावर इंग्रजी विकिपीडियात नोंद नव्हती. काही महिन्यांपूर्वी नोंदीचा मसुदा सादर झाला होता. पुरेसे दुय्यम आधार नाहीत म्हणून तो नाकारला गेला. हे पारितोषिक मिळविणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री होत. नियम लावणाऱ्या सदस्याचा दोष त्यात मोठा नव्हता. त्यांच्या कार्याविषयी इतरांनी लिहिलेच थोडे होते.

मराठीत हे उदाहरण परके वाटू नये. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध १८८२ साली प्रसिद्ध झाला. जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये त्याची बाजू घेतली. त्यानंतर तो विस्मृतीत गेला, स. गं. मालशे यांनी १९७५ साली त्याचे पुनर्मुद्रण केले आणि मगच त्यावर लेख, प्रबंध झाले, १९९४ साली रोझलिंड ओ'हॅन्लन यांचे इंग्रजी भाषांतर निघाले. १९७४ साली असा मुक्त ज्ञानकोश असता, तर ताराबाईंची नोंद 'उल्लेखनीयता सिद्ध होत नाही' या शेऱ्यासह वगळली गेली असती, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच ठरले असते. ज्यांना अद्याप मालशे भेटलेले नाहीत अशा लेखिका, शाहीर, तमासगीर, दलित चळवळीतील जलसाकार आज त्याच स्थितीत आहेत. त्यांच्याविषयी जे छापलेले आहे ते गौरवग्रंथांत, स्मरणिकांत आणि संस्थांच्या पत्रकांत. ती साधने चरित्रनायकाच्या जवळची असल्यामुळे स्वतंत्र आधार म्हणून टिकत नाहीत.

साधने थोडी असली की दुसरा धोका संभवतो. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग हे जर्मनीचे अर्थमंत्री झाले, तेव्हा त्यांच्या लांबलचक नावात कोणीतरी 'विल्हेल्म' हे एक जादा नाव घुसडले. वृत्तपत्रांनी ते कोशातून उचलून छापले आणि मग त्याच वृत्तपत्रांचा आधार कोशात दिला गेला. जर्मनीत तपासणारे पुष्कळ असल्याने चूक लवकर उघडकीस आली. मराठीत एखाद्या शाहिराचे चुकीचे मृत्युवर्ष या फेऱ्यातून गेले, तर ते कोण तपासणार? येथे चावडीवर येणारे सदस्य मोजके असतात. त्रयस्थ मत मागावे तर पुष्कळदा देणारा त्रयस्थच नसतो. सहमतीची रीत माणसांच्या संख्येवर उभी असते आणि मराठीत नेमकी तीच अपुरी पडते.

यावर नियम शिथिल करा, असा उपाय सुचविला जातो. तो स्वीकारला तर सीगेन्थॅलर यांच्यासारख्यांचे संरक्षण जाईल आणि ताराबाईंना मिळणारी जागाही कवडीमोलाची होईल. खरा उपाय कोशाबाहेर आहे, आणि तो बहुतांशी विद्यापीठांच्या मराठी विभागांच्या हाती आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतील महाविद्यालयांत मराठीचे अध्यापक आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या कवयित्रीची जन्मनोंद, एखाद्या शाहिराच्या फडाची कागदपत्रे, एखाद्या नियतकालिकाची बंद पडण्याची तारीख तपासून दहा पानांचा साधार टिपणवजा लेख विभागाच्या शोधपत्रिकेत प्रसिद्ध केला, तर तो लेख अनेक वाद मिटवू शकेल. शोधगंगेवर ठेवलेले प्रबंधही आधार म्हणून वापरता येतात; मात्र त्यांतील चरित्रविषयक प्रकरण मागील प्रबंधावरून उतरवून घेतलेले नसावे. आज एम. ए.च्या लघुप्रबंधात 'कवीचे जीवन' हे प्रकरण सर्वांत निष्काळजीपणे लिहिले जाते, कारण ते परीक्षकही वाचत नाही. त्या प्रकरणातील प्रत्येक तारखेपुढे ती कोठून घेतली हे लिहिण्याची सक्ती केली, तरी पुष्कळ साधेल.

केशवसुतांच्या दोन तारखांपैकी खरी कोणती, हे चावडीवरील स्वयंसेवक ठरवू शकणार नाहीत आणि त्यांनी ते ठरवूही नये. त्यांनी दोन्ही तारखा आधारांसह लिहून आपले काम चोख केले आहे असे मानले, तर उरलेले काम कोणाचे आहे हे उघड आहे. ते काम मराठीच्या अध्यापकांनी हाती घेईपर्यंत कोशातील त्या तारखेपुढचे प्रश्नचिन्ह तसेच राहील.